अंगावरून वारं गेलं म्हणजे नेमकं काय झालं? मेंदू, नसा आणि मनाच्या आजारांचे शब्द

बाबांना दहा दिवसांनी दवाखान्यातून कोथरूडच्या घरी आणलं, त्या संध्याकाळी सासवडहून आत्याचा फोन आला. "दादाच्या अंगावरून वारं गेलं म्हणे. उजवं का डावं गं? बोलतो का? घास उतरतो का खाली?" माझ्या हातात डिस्चार्ज कार्ड होतं. त्यावर लिहिलं होतं: सीव्हीए, लेफ्ट एमसीए इन्फार्क्ट, राइट हेमिपॅरेसिस, अफेजिया, डिस्फेजिया. आत्याच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या एका ओळीत होती. ती तिथेच आहेत हे मात्र मला तेव्हा कळलं नाही. "बघते आणि सांगते" म्हणून मी फोन ठेवला.

हळूहळू लक्षात आलं. राइट हेमिपॅरेसिस म्हणजे "उजवं का डावं" याचं उत्तर. अफेजिया म्हणजे "बोलतो का" याचं, आणि डिस्फेजिया म्हणजे "घास उतरतो का" याचं. चौथीपर्यंत शिकलेली माझी आत्या आणि ते कार्ड लिहिणारा डॉक्टर एकच गोष्ट बोलत होते. मधे मी उभी होते आणि मला दोन्ही भाषा येत असूनही एकीतलं दुसरीत नेता येत नव्हतं.

मी डॉक्टर नाही. बाबांच्या आजारपणात हे शब्द एकेक करून शिकले. आता ओळखीपाळखीतल्या लोकांबरोबर बसून त्यांचे रिपोर्ट वाचायला मदत करते. निदान सांगत नाही, औषध तर नाहीच नाही. फक्त शब्द फोडून दाखवते. तेच इथे लिहिते आहे.

बाबांच्या कार्डावरची ओळ

सीव्हीए म्हणजे सेरेब्रोव्हॅस्क्युलर ॲक्सिडेंट. ॲक्सिडेंट हा शब्द पाहून शेजारच्या काकांनी विचारलं होतं, "गाडीवरून पडले का?" इथे अपघात मेंदूच्या रक्तवाहिनीत झालेला असतो. एक तर वाहिनीत गुठळी अडकते आणि पुढचा भाग रक्तावाचून मरतो. त्या मेलेल्या भागाला इन्फार्क्ट म्हणतात. नाहीतर वाहिनी फुटते आणि मेंदूत रक्त साचतं, ते हॅमरेज. बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण उपचार उलटे असतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन रक्तस्रावाच्या रुग्णाला दिलं तर घात होईल, म्हणून सगळ्यात आधी सीटी स्कॅन करतात. हे इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यामुळे "लक्षणं कधी सुरू झाली?" या प्रश्नाला "सकाळी" हे उत्तर पुरत नाही. "साडेसातला चहा प्यायले तेव्हा नीट होते, आठला कप हातातून पडला" असं सांगावं लागतं.

एमसीए हे मेंदूतल्या एका मोठ्या रोहिणीचं नाव. लेफ्ट म्हणजे मेंदूची डावी बाजू. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, म्हणून त्याच ओळीत आधी लेफ्ट आणि लगेच राइट येतं. ते वाचून कार्ड चुकलंय असं समजून भांडायला निघालेले नातेवाईक मी पाहिले आहेत.

आता हेमिपॅरेसिस. हेमि म्हणजे अर्ध. पॅरेसिस म्हणजे अशक्तपणा, काही शक्ती शिल्लक असलेला. शक्ती पूर्ण गेली असेल तर शब्द बदलतो आणि हेमिप्लेजिया होतो. फरक दोन-तीन अक्षरांचा, पण फिजिओथेरपीला येणारा माणूस आधी तीच अक्षरं बघतो. दोन्ही पाय गेले तर पॅराप्लेजिया, दोन्ही हात आणि दोन्ही पाय गेले तर क्वाड्रिप्लेजिया.

आपल्याकडचा अर्धांगवायू हा शब्दही असाच जोडलेला आहे: अर्ध, अंग, वायू. शरीराच्या सगळ्या हालचाली वायू घडवतो ही आयुर्वेदाची कल्पना आहे, आणि आत्याचं "वारं गेलं" त्याच मुळातून आलेलं. पक्षाघातातला पक्ष म्हणजे बाजू, शुक्ल पक्षातला असतो तसा. हे शब्द गावंढळ किंवा अशास्त्रीय समजून लाजण्याचं काही कारण नाही. अर्ध्या अंगाची शक्ती एकाएकी गेली, एवढं ते चोख सांगतात.

झटका या शब्दाबद्दल मात्र मला काळजी वाटते. हृदयविकाराचा झटका, अर्धांगवायूचा झटका आणि फिटचे झटके, अशा तीन वेगळ्या आजारांना आपण एकच शब्द वापरतो. १०८ ला फोन करून "बाबांना झटका आलाय" एवढंच सांगितलं तर पलीकडच्याला काहीच कळत नाही. "तोंड वाकडं झालंय, उजवा हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय" ही तीन वाक्यं सांगितली की काम होतं. त्यासाठी एकाही इंग्रजी शब्दाची गरज नाही.

तोंड वाकडं होण्याचं आणखी एक कारण असतं. चेहऱ्याची नस मेंदूबाहेर सुजली तरी तोंड वाकडं होतं. त्याला बेल्स पाल्सी म्हणतात, चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यचिकित्सकाच्या नावावरून. त्यात सहसा त्या बाजूची भुवईही उचलता येत नाही आणि कपाळाला आठी पडत नाही. मेंदूच्या झटक्यात कपाळ बहुधा वाचतं, कारण कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळतो. म्हणून डॉक्टर "भुवया वर करा" म्हणतात. पण घरी भुवया तपासत वेळ घालवू नका, तोंड वाकडं दिसलं की निघा.

एका अक्षरात अडकलेला घास

अफेजियाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण आमच्या घरात सगळ्यात जास्त दुःख याच शब्दाच्या अज्ञानाने झालं.

बाबा घरी आले तेव्हा कपाला चष्मा म्हणत होते. माझ्याकडे बघून आईचं नाव घेत होते. भेटायला आलेली माणसं बाहेरच्या खोलीत जाऊन हळू आवाजात म्हणायची, "डोक्यावर परिणाम झालाय." ते बाबांना ऐकू जायचं. त्यांना समजायचंही, कारण त्यांचं डोकं शाबूत होतं. अफेजिया म्हणजे भाषेचं यंत्र बिघडणं. शब्द सापडत नाही, किंवा भलताच शब्द तोंडातून बाहेर पडतो. काहींना ऐकलेलंही नीट समजत नाही. पण माणसाची अक्कल, ओळख आणि प्रेम जागेवर असतं. मराठीत याला वाचाघात म्हणतात. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका यांनी अशा एका रुग्णाचा मेंदू तपासला होता. तो माणूस वर्षानुवर्षं "टॅन" एवढाच उच्चार करू शकत होता, म्हणून त्याचं नावच टॅन पडलं. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा सापडली. बोलण्याची क्षमता मेंदूत ठरावीक जागी असते, हे तेव्हापासून मानलं जाऊ लागलं.

डिसार्थ्रिया ही वेगळी गोष्ट. त्यात शब्द बरोबर सापडतो, पण जीभ आणि ओठ साथ देत नाहीत, म्हणून बोबडं किंवा जड ऐकू येतं. असा माणूस लिहून नीट सांगू शकतो. अफेजियात बहुतेकदा लिहिणंही बिघडतं. म्हणून अफेजियाच्या माणसाच्या हातात पाटी-पेन्सिल देऊन "लिहा की" म्हणून आग्रह धरला तर तो आणखी खचतो.

आता डिस्फेजिया. इंग्रजीत दोन शब्द आहेत. एक गिळण्याच्या त्रासाचा, दुसरा भाषेच्या त्रासाचा. उच्चारात फक्त ज आणि झच्या मधल्या एका आवाजाचा फरक. आपल्या लिपीत जहाजातला ज आणि जगातला ज एकाच अक्षराने लिहितात, त्यामुळे मराठीत दोन्ही शब्द डिस्फेजिया असेच लिहिले जातात. हा शब्द दिसला की थांबून विचारायलाच हवं: गिळण्याचा की बोलण्याचा? गिळण्याचा असेल तर पहिला धोका साध्या पाण्याचा. पातळ पाणी भराभर घशात उतरतं, श्वासनलिकेत शिरतं आणि फुप्फुसात संसर्ग होऊ शकतो. कित्येकांना पाणी जमत नाही पण दाटसर पेज जमते, कारण ती सावकाश उतरते. कुणाला काय झेपेल हे तपासून सांगणारे वाचोपचारतज्ज्ञ असतात. आम्हाला ते आठवडाभर उशिरा कळलं. त्या आठवड्यात पाणी पिताना बाबांना लागलेला ठसका मला अजून आठवतो.

पत्ता वाचायचा कसा

"न्यूरोपॅथी म्हणजे होमिओपॅथीसारखंच काही असतं का?" एका काकूंनी मला हे विचारलं होतं, आणि प्रश्न अगदी रास्त आहे. पॅथी म्हटलं की आपल्या डोक्यात उपचारपद्धती येते. "तुम्ही कोणत्या पॅथीचं घेता?" असं आपण विचारतोच. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ दुखणं, सोसणं. त्यामुळे आजाराच्या नावाअखेर पॅथी आलं की तिथे बिघाड आहे, इतकंच समजायचं. कुठे, ते शब्दाचा आधीचा भाग सांगतो.

पुण्यात नळाला पाणी आलं नाही की आपण काय करतो? खडकवासल्यात पाणी आहे का, पर्वतीच्या जलकेंद्राचं काम चालू आहे का, पेठेतली मुख्य लाइन फुटली का, सोसायटीची टाकी रिकामी आहे का, की आपलाच नळ बिघडलाय, असा माग काढतो. मेंदूतज्ज्ञ हेच करतात. मेंदूच बिघडला तर एन्सेफॅलोपॅथी. मणक्यांच्या पोकळीतून खाली जाणारा मज्जारज्जू दबला तर मायलोपॅथी. रज्जूतून नस जिथे फुटते ते मूळ दबलं तर रॅडिक्युलोपॅथी. पुढे हातापायांत पसरलेल्या नसा बिघडल्या तर न्यूरोपॅथी. आणि शेवटी स्नायूच बिघडला तर मायोपॅथी. पाच शब्द, वरून खाली पाच ठिकाणं. हात-पाय लुळे पडणं या पाचांतल्या कशानेही होऊ शकतं, म्हणून डॉक्टर हातोडीने गुडघे ठोकतात आणि तळव्यावर रेघ ओढतात. पत्ता शोधायचा असतो.

रॅडिक्सचा अर्थ मूळ. आपण मुळावरून मुळा म्हणतो, इंग्रजांनी त्याच अर्थाच्या रॅडिक्सवरून रॅडिश म्हटलं. हे कळल्यापासून रॅडिक्युलोपॅथी मी कधी विसरले नाही.

मायलो या शब्दाची गंमत याहून खोल आहे. ग्रीकांनी हाडातल्या मऊ गराला मायलो म्हटलं आणि मणक्यांच्या पोकळीतल्या मऊ दोरीलाही तेच नाव दिलं. म्हणून मायलोपॅथी हा रज्जूचा आजार, पण मायलोमा हा अस्थिमज्जेचा कर्करोग. आणि आपण? आपणही तेच केलं. आयुर्वेदाच्या सात धातूंमधली मज्जा म्हणजे हाडातला गर, आणि मज्जारज्जू, मज्जातंतू यांतही तीच मज्जा. दोन दूरच्या भाषांनी एकच चूक, किंवा एकच तुलना, आपापली केली. त्यामुळे कुणी "मज्जेचा आजार" म्हणालं की रक्ताच्या डॉक्टरकडे जायचं की मेंदूच्या, हे आधी विचारून घ्यावं लागतं. चेतातंतू आणि चेतासंस्था हे शब्द त्या मानाने स्वच्छ आहेत.

बोलीतली नस तर आणखी मोकाट. रक्ताची शीर म्हणजे नस, चेतातंतू म्हणजे नस, स्नायू आखडला तरी "नसेवर नस चढली". रात्री पोटरीत येणारा तो गोळा स्नायूचा असतो, एक नस दुसरीवर चढत नाही. डॉक्टरांना "नस" सांगण्यापेक्षा "पोटरीत गोळा येतो, चोळलं की दोन मिनिटांत जातो" असं सांगितलं तर निम्मं निदान तिथेच होतं.

कंबरेच्या एमआरआयबद्दल दोन शब्द. "मणक्यात गॅप आला" असं सगळे म्हणतात. रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा उलट लिहिलेलं असतं, दोन मणक्यांमधली जागा कमी झाली म्हणून. "गादी सरकली" हेही शब्दशः खरं नाही. गादीला बाहेरून चिवट कडं आणि आत मऊ गर असतो, उकडीच्या मोदकासारखा. पारी फुगली तर बल्ज, पारी फाटून सारण बाहेर आलं तर प्रोलॅप्स किंवा हर्निएशन. चाळिशी-पन्नाशीत पाठ अजिबात न दुखणाऱ्या माणसाचा एमआरआय काढला तरी बल्ज पुष्कळदा दिसतो, केस पांढरे होतात तसा. म्हणून रिपोर्टातल्या बल्जपेक्षा पायाच्या अंगठ्याला बधिरपणा आहे की करंगळीला, हे डॉक्टरांना जास्त महत्त्वाचं वाटतं. अंगठा बधिर असेल तर कंबरेतल्या नसेच्या पाचव्या मुळावर संशय जातो, करंगळी असेल तर त्याखालच्या मुळावर.

पाठीतलं पाणी काढण्याची भीतीही याच अज्ञानातून येते. "सुई टोचली की पाय जातात" हे मी किती जणांकडून ऐकलंय. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या आसपास घालतात. तिथे रज्जू नसतोच. पाण्यात सुट्या तरंगणाऱ्या नसा असतात आणि त्या सुईसमोरून बाजूला सरकतात.

चप्पल, कापूस आणि घेरी

मधुमेहाने पायाच्या नसा बिघडतात तेव्हा लोक "मुंग्या येतात", "तळव्यांची आग होते" म्हणतात. आपल्याकडचे डॉक्टर त्यापुढे एक प्रश्न विचारतात, आणि चप्पल घालणाऱ्या देशातच तो सुचू शकतो: "चालताना चप्पल पायातून निसटते का? निसटली की कळतं का?" कळून निसटत असेल तर बोटांत धरण्याची ताकद कमी झालेली, म्हणजे स्नायूंना हुकूम पोहोचत नाही. चार पावलं पुढे जाऊन मागे पडलेली चप्पल दिसली तेव्हा कळत असेल तर संवेदना गेलेली, म्हणजे पायाकडून मेंदूला निरोप पोहोचत नाही. एका चपलेवरून जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्ही तारा तपासल्या जातात. "कापसावर चालल्यासारखं वाटतं" हे वाक्यही असंच मोलाचं. कुणी हे म्हणालं की डॉक्टर लगेच डोळे मिटून उभं राहायला सांगतात.

चक्कर या शब्दाचंही तसंच आहे. आपल्याकडे त्यासाठी इतके शब्द आहेत, पण दवाखान्यात गेलं की आपण सगळं "चक्कर" एवढ्यावर भागवतो. घर गरगर फिरतंय असं वाटणं हा व्हर्टिगो, आणि त्याचं कारण बरेचदा आतल्या कानात असतं. तिथे चुनखडीचे सूक्ष्म कण असतात. ते जागा सोडून भलत्या नळीत गेले की कूस बदलताना खोली फिरते. डोकं ठरावीक दिशांनी वळवून ते कण पुन्हा जागेवर आणण्याची एक पद्धत आहे आणि तिला गोळी लागत नाही. डोळ्यांसमोर अंधारी येणं, घेरी येणं हे मेंदूला रक्त कमी पोहोचण्याचं लक्षण, तिथे हृदय आणि रक्तदाब बघतात. तोल जाणं, म्हणजे डोकं स्वच्छ असून पाय वाकडे पडणं, हे तिसरंच. गरगरणं, अंधारी, तोल. यातलं आपलं कोणतं ते नेमकं सांगा.

आकडी

आकड्या येण्याच्या आजाराला अपस्मार म्हणतात. या शब्दात स्मृती आहे: स्मरण निघून जाणं. आकडीसाठीचा इंग्रजी शब्द सीझर आणि ग्रीक एपिलेप्सी यांत धरणं आहे, कुणीतरी पकडल्यासारखं. "झाडानं धरलं" म्हणतात तो विचार फक्त आपल्याकडचा नाही. पण मेंदूत घडतं ते विजेचं वादळ असतं. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि त्या सूक्ष्म विद्युतसंदेशांनी एकमेकींशी बोलतात. त्यांतला एखादा गट एकदम, एका लयीत ओरडू लागला की आकडी येते. रिपोर्टवर जीटीसीएस लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ आधी सगळं अंग ताठ होणं, मग झटके येणं.

बहुतेक आकड्या एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. तेवढ्यात कुणीतरी कांदा किंवा चप्पल नाकाशी धरतं आणि श्रेय कांद्याला मिळतं. नाकाशी काही धरू नका, तोंडात काही घालू नका, माणसाला कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर ताबडतोब दवाखाना.

एकदा आकडी आली म्हणजे अपस्मार झाला असं नाही. साधारण नियम असा की तात्कालिक कारण नसताना, एका दिवसाहून जास्त अंतराने, दोनदा आली तर अपस्मार म्हणतात. लहान मुलाला तापात आलेली आकडी वेगळी. हे मी ठासून सांगते, कारण या शब्दाने लग्नं मोडली आहेत. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हे लग्नाच्या आड येणारं कारण म्हणून लिहिलेलं होतं. ते १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकलं. कायद्यातून गेलं, पण पत्रिका जुळवताना ते अजून लपवलं जातं, आणि लपवण्यापायी मुली गोळ्या थांबवतात. त्यातून येणारी आकडी आधीपेक्षा वाईट असू शकते.

भास, भ्रम आणि उदासी

मनाच्या आजारांकडे आलं की शब्द आणखी टोचू लागतात. पुण्यात कुणी विचित्र वागलं की "येरवड्याला पाठवा" म्हणतात. तिथल्या मनोरुग्णालयामुळे एका उपनगराचं नाव शिवीसारखं वापरलं जातं. या दवाखान्यात ज्यांचं कुणी उपचार घेत असेल त्यांना ते ऐकताना कसं वाटत असेल?

मराठीकडे इथेही चांगले शब्द आहेत. संध्याकाळी दोरी बघून साप वाटला तर तो आभास. वस्तू होती, आपण चुकीची वाचली. खोलीत कुणी नसताना आवाज ऐकू आला तर तो भास, वस्तूच नव्हती. "शेजारी माझ्या पाण्यात विष कालवतात" अशी, कितीही पुरावे दिले तरी न हलणारी खात्री म्हणजे भ्रम. पुस्तकांत हे शब्द कधी अदलाबदल होतात, पण फरक धरून ठेवण्यासारखा आहे. भ्रम असलेल्या माणसाशी वाद घालून तो जात नाही. आपला मुलगा आपल्याला खोटं ठरवतोय एवढंच त्याला दिसतं.

स्किझोफ्रेनिया हा शब्द ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९०८ मध्ये मांडला. अर्थ, फाटलेलं मन. मराठीत छिन्नमनस्कता. यावरून एका माणसात दोन माणसं असतात असा गैरसमज झाला आणि सिनेमांनी तो पक्का केला. फाटतो तो विचार, भावना आणि वास्तव यांच्यातला धागा. जपानमध्ये याच अर्थाचा शब्द रुग्णांना आणि घरच्यांना इतका जिव्हारी लागायचा, की तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २००२ मध्ये आजाराचं नावच बदललं. रिपोर्टमध्ये पॉझिटिव्ह सिम्प्टम्स दिसली तर आनंदून जाऊ नका. पॉझिटिव्ह म्हणजे नसावं ते आलं: भास, भ्रम. निगेटिव्ह म्हणजे असावं ते गेलं: उमेद, बोलणं, चेहऱ्यावरचे भाव. घरचे ज्याला आळशीपणा म्हणून रागावतात तो पुष्कळदा हा दुसरा भाग असतो.

ओळखीच्या शब्दांचे अनोळखी अर्थ आणखीही आहेत. ॲक्यूट म्हणजे गंभीर असं नाही, नुकतंच सुरू झालेलं. क्रॉनिक म्हणजे जुनं, रेंगाळलेलं. लीजन म्हणजे कर्करोग नव्हे, वेगळा दिसणारा कुठलाही भाग. हायपरटेन्शन म्हणजे फार टेन्शन घेणं नव्हे, उच्च रक्तदाब. हा अर्थ न कळल्याने "आता मला टेन्शन नाही" म्हणून बीपीची गोळी बंद करणारे लोक खरोखर भेटतात. आणि हृदयाच्या आलेखावरच्या एसटी डिप्रेशनचा मनाशी काही संबंध नाही. डिप्रेशन म्हणजे खाली दबणं, तिथे आलेखाची रेघ दबलेली असते.

मनाच्या डिप्रेशनला आपण नैराश्य म्हणतो आणि तिथेच फसतो. निराशा हवं ते मिळालं नाही की येते, आणि दोन दिवसांत ओसरते. आजार म्हणायला निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, बहुतेक दिवसभर मन उदास असावं लागतं किंवा कशातच रस उरलेला नसावा लागतो, आणि त्याबरोबर झोप, भूक, थकवा, अपराधीपणा यांत बदल झालेले असावे लागतात. आपल्याकडचं माणूस "मी उदास आहे" असं क्वचित म्हणतं. "अंग मोडून येतं, जेवण गोड लागत नाही, जीव लागत नाही" असं म्हणतं. चिंतेच्या आजारात "जीव घाबरा होतो, छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो". ही वाक्यं डॉक्टरांना जशीच्या तशी सांगा, त्यांना हवी असतात ती हीच. सारखं सारखं हात धुणं, कडी तपासणं याला तर मराठीत पूर्वीपासून मंत्रचळ हा शब्द आहे.

विसरण्याबद्दलही एक फरक जिवावर बेतू शकतो. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश. तो महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढतो आणि अल्झायमर हे त्याचं सगळ्यात मोठं कारण. अलॉइस अल्झायमर यांनी तो आजार १९०६ मध्ये मांडला. डिलिरियम म्हणजे आजी परवापर्यंत ठणठणीत होती आणि काल रात्रीपासून बरळते आहे, सकाळी जरा बरी, संध्याकाळी पुन्हा तेच. जुनी माणसं याला वात झाला म्हणायची. हा वयाचा परिणाम नव्हे. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, एखादं नवीन औषध, असं काहीतरी त्यामागे असतं आणि ते शोधायला त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. "साठी बुद्धी नाठी" म्हणून आठवडाभर वाट पाहिली तर माणूस हातचा जातो.

चिठ्ठीवरच्या औषधांनीही घरात वादळं होतात. पायाच्या आगीसाठी दिलेली गोळी औषधांच्या दुकानात "डिप्रेशनची आहे" म्हणून कळते आणि काका ती फेकून देतात. अमिट्रिप्टिलीन हे मुळात नैराश्याचं औषध, कमी मात्रेत नसांच्या वेदनेला आणि अर्धशिशीला देतात. व्हॅल्प्रोएट आकडीलाही देतात आणि बायपोलर आजारातही, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी खोल उदासीत जातं त्या आजारात. गोळी एक, कामं अनेक. कशासाठी दिली ते लिहून घ्या, म्हणजे दुकानात ऐकलेल्या एका वाक्यावर उपचार थांबणार नाहीत.

माणसाला काय म्हणायचं

१९१२ च्या भारतातल्या कायद्यात मनाचा आजार असलेल्या माणसाला ल्युनॅटिक म्हटलं होतं. ल्युना म्हणजे चंद्र, आपल्याकडची अमावास्या-पौर्णिमेची समजूत तिथेही होती. १९८७ च्या कायद्याने तो शब्द काढला. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा "मानसिक आजार असलेली व्यक्ती" म्हणतो, व्यक्तीला आजारापासून वेगळं ठेवतो. पुण्यातल्या स्वमदत गटांत याहून सुंदर शब्द रुजले आहेत. पार्किन्सन्स (कंपवात) मित्रमंडळात, स्किझोफ्रेनियासाठी काम करणाऱ्यांत आजार असलेल्याला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. पहिल्यांदा हे शब्द ऐकले तेव्हा मला थोडे पुस्तकी वाटले होते. मग एका बैठकीत हात थरथरणाऱ्या एका आजोबांनी "मी शुभार्थी, आणि ही माझी शुभंकर" अशी बायकोची ओळख करून दिली. रुग्ण आणि काळजीवाहक या शब्दांनी ती ओळख तशी झाली नसती.

रात्री-अपरात्री मन फार बिघडलं तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे. तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

आणि त्याच २०१७ च्या कायद्याचं बाविसावं कलम फार कमी लोकांना माहीत आहे. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला तिचा आजार काय आहे, प्रस्तावित उपचार काय आहेत आणि त्यांचे ज्ञात दुष्परिणाम काय, हे तिला समजेल अशा भाषेत आणि अशा रीतीने सांगितलं गेलं पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. कलम मनाच्या आजारापुरतं आहे. पण मी बाबांच्या मेंदूतज्ज्ञांनाही तसंच विचारू लागले: "डॉक्टर, हे माझ्या आत्याला फोनवर सांगता येईल असं सांगा." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं.